अकरावीतल्या मुलीला डिग्रीसाठी अमेरिकेला अप्लाय करायचंय, सुरुवात कुठून करू?

ऐरोलीची_आई:
नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसतं वाचतेय, पहिल्यांदाच विचारतेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मुलगी अकरावी सायन्सला आहे, स्टेट बोर्ड, ठाण्यातलं ज्युनियर कॉलेज. दहावीला ९१ टक्के होते. नीट देणार नाही हे तिने आधीच सांगून टाकलंय, तिला पर्यावरण आणि पक्षी यातच काहीतरी करायचंय. आम्ही ऐरोलीत खाडीच्या बाजूलाच राहतो, फ्लेमिंगो बघतच मोठी झाली, सातवीपासून सुट्टीच्या दिवशी सकाळी जाऊन पक्षी मोजते, नोंदी ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर टाकते, आता सोसायटीतली लहान पोरंही तिच्याबरोबर जातात आणि ती त्यांना पक्षी ओळखायला शिकवते. अमेरिकेतल्या कॉलेजात बायोबरोबर इकॉनॉमिक्स, लिखाण असं काहीही जोडून घेता येतं हे तिनेच शोधून काढलं आणि आता तिथेच जायचं म्हणतेय.

मागच्या आठवड्यात वाशीला एका कन्सल्टंटकडे गेलो होतो. तीन लाखांचं पॅकेज सांगितलं. ते म्हणाले पक्ष्यांचं वगैरे काही उपयोगाचं नाही, आमच्याकडून एक रिसर्च पेपर छापून घ्या, एखादी एनजीओ काढल्याचं दाखवू, निबंध आमची टीम लिहील, टॉप ५० मधलं एक तरी कॉलेज नक्की. घरी येताना मुलगी ट्रेनमध्ये एक शब्द बोलली नाही.

आमचं दोघांचं मिळून वर्षाला २४-२५ लाखांचं उत्पन्न आहे, सिडकोचा फ्लॅट आहे, धाकटा आठवीत आहे. ओढूनताणून वर्षाला १५ लाख काढू शकू, त्यापुढे नाही. एवढ्यात अमेरिकेचा विचार करावा का, आणि कन्सल्टंटशिवाय हे सगळं जमतं का? कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा.

घणसोली_ते_ओहायो:
ताई, मी घणसोलीचा, एचएससी करूनच आलो आणि आता ओहायोमधल्या एका छोट्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, कन्सल्टंट न घेता. सगळ्यात आधी हे सांगतो की त्या पक्ष्यांच्या नोंदी बंद करू देऊ नका. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे एकाच फॉर्मवर बऱ्याच कॉलेजांना अर्ज करायच्या वेबसाइटवर, ॲक्टिव्हिटीजचे दहा रकाने असतात, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, आणि चारपाच वर्षं सलग स्वतःच्या मनाने केलेली एक गोष्ट तिथे विकत घेतलेल्या पेपरपेक्षा कितीतरी जास्त बोलते. ॲडमिशनवाले वर्षाला हजारो अर्ज वाचतात, बारावीच्या तोंडावर अचानक उगवलेली एनजीओ त्यांना लगेच ओळखू येते. ई-बर्ड तर कॉर्नेल युनिव्हर्सिटीचीच पक्षी-प्रयोगशाळा चालवते, म्हणजे अर्ज वाचणाऱ्याला ते काय आहे हे समजावायलाही लागणार नाही. त्यामुळे कॉर्नेल ॲडमिशन देईल असं मात्र अजिबात समजू नका, त्याचं कारण पुढे पैशाच्या मुद्द्यात येतंय.

तुमच्या केसमध्ये सुरुवात पैशापासूनच करायची, रँकिंग उघडायचंच नाही. तुम्ही १५ लाख म्हणताय, म्हणजे साधारण १७ हजार डॉलर. मोठ्या खासगी युनिव्हर्सिटीचा वर्षाचा एकूण खर्च, फी राहणं खाणं धरून, आता ९० हजार डॉलरच्या आसपास गेलाय. मधलं अंतर कोण भरणार हाच पूर्ण प्रश्न आहे, आणि बाहेरच्या देशातल्या मुलांसाठी प्रत्येक कॉलेजचं याबाबतीतलं धोरण वेगळं असतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, आणि २०२२ पासून डार्टमथ आणि बोडन अशी मोजकी कॉलेजं आहेत जी परदेशी मुलांच्या बाबतीतही 'नीड-ब्लाइंड' आहेत, म्हणजे निर्णय घेताना तुम्ही मदत मागितलीय की नाही हे बघत नाहीत आणि घेतलं तर गरज पूर्ण भागवतात, पण तिथे घुसणं किती कठीण आहे ते वेगळं सांगायला नको. बाकी बहुतेक 'नीड-अवेअर', कॉर्नेलसुद्धा, म्हणजे तुम्हाला किती पैसे द्यावे लागतील हे बघून निर्णय. त्यातली काही मात्र एकदा घेतलं की पूर्ण गरज भागवतात, मॅकॅलेस्टर, ग्रिनेल, आणि फक्त मुलींची स्मिथ, माउंट होल्योक, ब्रिन मार ही त्यातली. तुमच्या मुलीच्या विषयाला ही छोटी कॉलेजं खरंच चांगली, कारण तिथे पीएचडीची मुलं जवळजवळ नसतात त्यामुळे फील्डवर्कला प्रोफेसर थेट डिग्रीच्या मुलांनाच बरोबर नेतात. बोडन तर मेन राज्यात समुद्राजवळच आहे, त्यांचं स्वतःचं कोस्टल स्टडीजचं केंद्र आहे. केंटकीमध्ये बेरिया नावाचं कॉलेज आहे, तिथे कोणाकडूनच ट्यूशन फी घेत नाहीत, सगळ्या मुलांना कॅम्पसवर काम करावं लागतं, परदेशी मुलं थोडीच घेतात पण यादीत ठेवा. कॅलिफोर्नियाच्या सरकारी युनिव्हर्सिटी, म्हणजे बर्कली, यूसीएलए वगैरे, परदेशी मुलांना गरजेवर मदत जवळजवळ देतच नाहीत, त्या तुमच्या बजेटमध्ये काढूनच टाका.

आता हे प्रत्येक कॉलेजचं कसं शोधायचं? कॉलेजचं नाव आणि त्यापुढे 'कॉमन डेटा सेट' असं गूगल करा. दरवर्षी बहुतेक कॉलेजं एक ठराविक नमुन्यातलं पीडीएफ टाकतात. त्यात एच-६ नावाचा भाग बघा, परदेशी मुलांना मदत देतात का, किती जणांना दिली, सरासरी किती डॉलर, सगळं लिहिलेलं असतं. सी-७ मध्ये मार्क, निबंध, शिफारसपत्र, ॲक्टिव्हिटी यातलं काय किती महत्त्वाचं धरतात त्याचा तक्ता असतो. ज्या कॉलेजने वर्षाला पाच-सहा परदेशी मुलांना मदत दिलीय आणि ज्याने दोनशे जणांना दिलीय त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हा फरक कुठल्याच रँकिंगमध्ये दिसत नाही. तीन लाखांच्या पॅकेजमध्ये जी 'यादी' बनवून देतात ती तुम्ही आणि मुलगी मिळून चार रविवारांत यापेक्षा चांगली बनवाल, खरं सांगतो.

मदत मागायची तर बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल नावाचा घरच्या आर्थिक माहितीचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६. त्यात दोघांचे आयटीआर, फॉर्म १६, बँक बॅलन्स, घराची किंमत, कर्ज सगळं येतं. अर्जाची फी वेगळी, साधारण ५० ते ९० डॉलर एकेका कॉलेजला, दहा-बारा कॉलेजं धरली तर परीक्षांच्या फीसकट लाखभर रुपये सहज जातात, तेवढे बाजूला ठेवा. काही कॉलेजं फी माफ करतात, ईमेल करून सरळ विचारायचं.

आणि एक, तिने गणित सोडलंय का? नसेल तर सोडू देऊ नका.

ऐरोलीची_आई:
दादा, किती व्यवस्थित लिहिलंत, खूप आभार. नाही, गणित आहे, चारही विषय आहेत, सोडायचा विचार चालला होता. मी आजच सांगते तिला.

नौपाड्याचे_सर:
मी ठाण्यात एका ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, मुलांना अमेरिकेच्या अर्जासाठी पत्रं लिहून देत आलोय, म्हणून कॉलेजच्या बाजूने काय होतं ते सांगतो, कारण आपल्याकडची चांगली मुलं इथेच अडकतात.

कॉमन ॲपमध्ये मुलांनी भरायच्या अर्जाशिवाय कॉलेजकडून तीन-चार गोष्टी जातात. नववी ते बारावीच्या मार्कांचा ट्रान्सक्रिप्ट, काउन्सेलरचं पत्र, शाळेची माहिती, आणि साधारण दोन विषयशिक्षकांची पत्रं. आपल्या कॉलेजात काउन्सेलर नावाचं पद नसतं, तर ते काम प्रिन्सिपल किंवा व्हाइस प्रिन्सिपल करू शकतात, पण त्यांना आधी समजवावं लागतं. नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी कॉलेजात, त्यामुळे दोन ठिकाणची कागदपत्रं गोळा करावी लागतात. टक्के आहेत तसेच लिहायचे, कोणी जीपीएमध्ये, म्हणजे अमेरिकन ग्रेडच्या सरासरीत, बदलून देतो म्हणाला तर नाही म्हणा, त्यांना आपली बोर्डं माहीत आहेत. आपल्या स्टेट बोर्डाचे ८५ टक्के म्हणजे काय हे शाळेच्या माहितीपत्रात लिहिलं की झालं, एक पानभर पुरतं, बोर्ड कुठलं, वर्गात किती मुलं, मार्क कसे देतात, कॉलेजच्या लेटरहेडवर. बहुतेक कॉलेजांनी हे कधी बनवलेलं नसतं, मुलीने माहिती गोळा करून ऑफिसला दिली तर काम लवकर होतं.

शिक्षकांच्या पत्राबद्दल मला कळकळीने सांगायचंय. पुष्कळ ठिकाणी शिक्षक म्हणतात की तूच लिहून आण, मी सही करतो. ते करू नका. पत्राची लिंक शिक्षकांच्या ईमेलवर येते, शिक्षकाने स्वतः अपलोड करायचं असतं, आणि मुलगी स्वतः पत्र बघण्याचा हक्क सोडते असं अर्जात विचारतात, त्याला हो म्हणावं, म्हणजे पत्रावर विश्वास बसतो. शिक्षक नाही म्हणत नाहीत, त्यांना काय लिहायचं ते सुचत नाही, कारण एका तुकडीत १२० मुलं असतात आणि मुलगी हुशार आहे, शांत आहे, वर्तन चांगलं आहे यापलीकडे त्यांना आठवतच नाही. म्हणून तिने एक पान लिहून द्यावं, पत्र नाही, प्रसंग. अमुक प्रॅक्टिकलला माझं रीडिंग चुकलं तेव्हा मी पुन्हा केलं, तमुक धड्यावर मी तुम्हाला हा प्रश्न विचारला होता, असं. मला अशी पानं मिळतात तेव्हा मुलगा डोळ्यांसमोर उभा राहतो आणि पत्र माझं मीच लिहितो. त्या फॉर्ममध्ये एक तक्ताही असतो, वर्गाशी तुलना करून मुलाला कुठे ठेवाल, सरासरी, चांगला, की शिकवलेल्या सगळ्यांत वरचा. आपले शिक्षक संकोचाने मधलं काहीतरी टिक करतात आणि त्याने नुकसान होतं, हे त्यांना नम्रपणे सांगायला हरकत नाही.

ज्या कॉलेजचं कोचिंग क्लासशी टायअप असतं आणि मुलं कॉलेजला पाऊलही टाकत नाहीत तिथे हे सगळं फारच अवघड होतं. तुमची मुलगी नियमित जाते का ते बघा. क्लासच्या सरांचं पत्र 'इतर शिफारस' म्हणून जोडता येतं जिथे कॉलेज परवानगी देतं तिथे, पण विषयशिक्षकाची जागा ते घेत नाही. आणि वेळेचं गणित: बारावी सुरू झाली की जूनमध्येच शिक्षकांशी बोला. ऑक्टोबरमध्ये प्रिलिमचे पेपर काढायचे असतात, नंतर दिवाळी, मग डिसेंबरअखेर प्रॅक्टिकल्सची गडबड, आणि बहुतेक अर्जांची रेग्युलर तारीख १ जानेवारीच्या आसपास असते.

खारघरचा_बाप:
दोघांनी छान सांगितलंय पण मी जरा वेगळं बोलतो, रागावू नका. पर्यावरण, पक्षी, इकॉलॉजी हा विषय असेल तर डिग्री इथे करून पीएचडीला अमेरिकेला जाणं पैशाच्या दृष्टीने कितीतरी शहाणपणाचं आहे. माझा पुतण्या असाच गेला, पीएचडीला ट्यूशन माफ आणि वर दर महिन्याला स्टायपेंड, घरून पैसे जात नाहीत. पुण्याचं आयसर, म्हणजे केंद्र सरकारची विज्ञान शिकवणारी संस्था, २००६ पासून आहे, पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स, प्रवेश आयसरच्या ॲप्टिट्यूड टेस्टवर, त्यात बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स चारही येतात, म्हणून गणित सोडू नका हे मीही म्हणतो. डिग्रीला चार वर्षं अर्धवट मदत मिळवून साठ-सत्तर लाखांचं कर्ज घेतलं आणि शेवटी वन्यजीवातली नोकरी, तर ते फिटणार कसं? नोकरीचं तिथलं गणितही समजून घ्या, शिकून झाल्यावर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, एक वर्ष काम करता येतं, सायन्सच्या ठरलेल्या विषयांना आणखी २४ महिने, पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर केली, तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना ती लागत नाही असं नंतर सांगितलं, पण नियम असे बदलतात, तेव्हा लहान संस्था कोणाला स्पॉन्सर करतील याचा विचार करा. आपला धाकटा आठवीत आहे म्हणता, त्याचंही शिक्षण यायचंय.

कर्ज घ्यायचंच ठरलं तर एक महत्त्वाचं, सिडकोच्या जमिनीवरचं घर लीजवर असेल तर ते बँकेला तारण द्यायला सिडकोची एनओसी लागते. आई-बाबांच्या नावावर ट्रान्सफर झालंय का, सोसायटीचे कागद नीट आहेत का, हे आत्ताच बेलापूरला सिडकोच्या ऑफिसात विचारून ठेवा, ॲडमिशन आल्यावर मे महिन्यात पळापळ करण्यात अर्थ नाही.

घणसोली_ते_ओहायो:
काका, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि कर्जाबद्दल मी तर त्याहून कडक बोलेन, डिग्रीसाठी साठ लाखांचं कर्ज या विषयात घेऊच नये. पण हे दोन रस्ते एकमेकांच्या आड येत नाहीत. अमेरिकेचे अर्ज नोव्हेंबर ते जानेवारीत संपतात, निकाल मार्चअखेरपर्यंत येतात, १ मे पर्यंत हो-नाही कळवायचं असतं, आणि आयसरची परीक्षा बोर्डाच्या नंतर असते. दोन्ही करू दे. आकडा घरात आजच ठरवा, १५ लाख म्हणजे १५, आणि एप्रिलमध्ये कोणाचंही ऑफर लेटर आलं तरी तो आकडा बदलायचा नाही. १७ हजार डॉलरच्या आत बसलं तर जा, नाही बसलं तर आयसर किंवा इथली बीएस्सी, आणि पुढे काका म्हणतात तसं पीएचडी. हे तिला आत्ताच सांगितलंत तर मार्चमध्ये घरात रडारड होणार नाही, तिलाही कळू दे की नकार तिच्यामुळे आला नाही.

ऐरोलीची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार, मिस्टरांना आणि मुलीला बसवून पूर्ण वाचून दाखवलं. ती पहिल्यांदाच या विषयावर आमच्याशी शांतपणे बोलली, आयसरबद्दल तिला माहीतच नव्हतं. काही शंका आहेत. एक, मदत मागितली तर चान्स कमी होतो म्हणताय, मग अर्जात मागायचीच नाही आणि घेतल्यावर मागायची असं करता येतं का? कन्सल्टंटने तसंच सुचवलं होतं. दुसरं, त्यांनी अर्ली डिसिजन करा म्हणजे नक्की होतं असंही सांगितलं होतं. तिसरं, सॅट ही तिथली प्रवेशासाठीची परीक्षा द्यायलाच हवी का, आणि निबंध कोणाला तरी दाखवायला हवा ना?

घणसोली_ते_ओहायो:
ताई, पहिल्याचं उत्तर नाही. बऱ्याच कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही, वेबसाइटवर स्पष्ट लिहिलेलं असतं. आणि कॉलेजकडून आय-२० हा व्हिसासाठीचा कागद मिळायला पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च कुठून येणार हे दाखवावं लागतं, त्याशिवाय एफ-१ हा विद्यार्थ्यांचा व्हिसाच नाही. ते सुचवणारा माणूस तुम्हाला मेमध्ये कर्जाच्या दारात नेऊन सोडतोय.

अर्ली डिसिजन म्हणजे तुम्ही, मुलगी आणि काउन्सेलर तिघंही सही करता की घेतलं तर बाकीचे अर्ज मागे घेऊन इथेच येणार. डिसेंबरमध्ये निकाल लागतो. मदत अपुरी पडली तर त्यातून सुटता येतं, पण दोन कॉलेजांच्या ऑफर समोर ठेवून तुलना करता येत नाही. पूर्ण गरज भागवणारं एखादं कॉलेज तिला मनापासून आवडलं, त्यांच्या साइटवरच्या खर्चाच्या कॅल्क्युलेटरवर तुमचा आकडा १५ लाखांच्या आत आला, तरच करा. नक्की वगैरे काही नसतं, कोणालाच तसं सांगता येत नाही.

सॅट, माझ्या मते द्यावी. आता लॅपटॉपवर असते, २ तास १४ मिनिटं, १६०० मार्कांची, गणिताला ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर आतच दिलेला. खान अकॅडमीवर तयारी फुकट होते, क्लास लावायची गरज नाही. एमआयटीने २०२२ मध्ये परत सक्तीची केली, हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउनने २०२४ मध्ये तसं जाहीर केलं. बोडन मात्र १९६९ पासून ऐच्छिक ठेवतंय. स्टेट बोर्डाच्या मुलाला चांगला स्कोअर उपयोगाचा पडतो कारण ९१ टक्क्यांच्या बाजूला एक ओळखीचा आकडा येतो. अकरावीनंतरच्या सुट्टीत अभ्यास, ऑगस्टमध्ये पहिली, गरज वाटली तर ऑक्टोबरमध्ये दुसरी. टोफेल किंवा डुओलिंगो ही इंग्रजीची परीक्षा त्यानंतर.

निबंध ६५० शब्दांचा. इंग्रजी फार सफाईदार नसलं तरी चालतं, तिच्या वयाचं वाटलं पाहिजे. शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना वाचायला द्या, त्यांनी जिथे कळलं नाही तिथे फक्त खूण करावी, दुरुस्त तिने करायचं. दुसऱ्याने लिहिलेला निबंध किंवा एआयकडून लिहून घेतलेला निबंध कॉमन ॲपच्या नियमात फसवणूक धरतात, आणि शेवटी सही तिची असते. अकाउंट तिच्या स्वतःच्या ईमेलवर उघडा, पासवर्ड कोणालाही देऊ नका. ती आजीला सांभाळत असेल, धाकट्याचा अभ्यास घेत असेल तर तेही ॲक्टिव्हिटीत लिहा, घरच्या जबाबदारीचा वेगळा प्रकारच आहे तिथे, आपली मुलं ते सांगायला लाजतात.

माणसाशी बोलायचंच असेल तर एज्युकेशनयूएसए म्हणून अमेरिकन सरकारचंच नेटवर्क आहे, मुंबईतही सेंटर आहे, प्राथमिक माहिती फुकट देतात आणि कुठल्या कॉलेजचं कमिशन घेत नाहीत. कन्सल्टंटला विचारा की तुम्हाला युनिव्हर्सिटीकडून पैसे मिळतात का, उत्तर ऐकून ठरवा.

खारघरचा_बाप:
व्हिसाचंही आत्ताच डोक्यात ठेवा. इंटरव्ह्यू बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत, १८५ डॉलर व्हिसा फी आणि ३५० डॉलर सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना सोशल मीडिया अकाउंट पब्लिक ठेवायला सांगतात, मुलीचं काय आहे ते बघून घ्या. तिथे दोन-तीन मिनिटांतच निकाल लागतो, हेच कॉलेज का आणि पैसे कुठून, याची उत्तरं तिला स्वतःला देता आली पाहिजेत.

ऐरोलीची_आई:
कन्सल्टंटला नाही कळवलं आज. कॉमन डेटा सेटची तीन पीडीएफ काढलीत, मुलगी एक्सेल बनवतेय. सर, मी आत्ता लगेच काय करू जेणेकरून कॉलेजच्या बाजूने उशीर होणार नाही?

नौपाड्याचे_सर:
ताई, या महिन्यात दोनच कामं. व्हाइस प्रिन्सिपल मॅडम किंवा सरांची वेळ घेऊन मुलीलाच पुढे करून बोलू द्या, आपण मागे बसा, त्यांना फक्त एवढं विचारायचं की कॉलेजतर्फे ट्रान्सक्रिप्ट आणि फॉर्म कोण भरेल, आणि त्यांचा कॉलेजच्या डोमेनचा ईमेल आहे का, जीमेल असेल तर ऑफिसला नवा काढून द्यायला सांगा. दुसरं, जुन्या शाळेत नववीच्या मार्कशीटच्या सही-शिक्क्याच्या चार-पाच प्रतींसाठी अर्ज द्या. नववीचा रेकॉर्ड बोर्डाकडे नसतो, शाळेच्या रजिस्टरमध्येच असतो, आणि मेच्या सुट्टीत ऑफिस अर्धा दिवसच उघडं असतं, म्हणून परीक्षा संपायच्या आधी जा.